पगार इंग्रजी, खर्च मराठी

पगार इंग्रजी महिन्याने होतो आणि खर्च मराठी महिन्याने. मध्यमवर्गीय घराचं अंदाजपत्रक दरवर्षी का कोलमडतं याची जाणकार मंडळी पुष्कळ कारणं देतात. कुणी हॉटेलांना दोष देतं, कुणी ऑनलाइन खरेदीला, कुणी तरुण पिढीच्या महागड्या कॉफीला. मला हे एकच कारण पुरेसं वाटतं. घराचा हप्ता पाच तारखेला जातो, सोसायटीचा मेंटेनन्स दहाच्या आत, विजेचं बिल त्याच्या ठरल्या दिवशी. ही सगळी तारखेची मंडळी. माणसं मात्र आपल्याकडे तिथीने येतात. विजेचं बिल कधी म्हणत नाही की यंदा मी अकरा दिवस अगोदर येते हं. गणपती म्हणतो. चांद्र वर्ष 354 दिवसांचं आणि ऑफिसचं 365 दिवसांचं, त्यामुळे सण दरवर्षी थोडे थोडे अलीकडे सरकत राहतात आणि मग एका वर्षी एकदम पलीकडे उडी मारतात. एक तारखेला पगार मिळणाऱ्या माणसाने या उड्यांवर घर चालवायचं असतं.

2025 साली गणेश चतुर्थी आली 27 ऑगस्टला. सत्तावीस तारीख! त्या सुमाराला माणूस मेथीची जुडीसुद्धा भाव विचारून परत ठेवतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी दर्शनाला जायचं, म्हणजे प्रत्येक घरी पेढ्यांचा पुडा, नाहीतर फळं, अगदीच काही नाही तर नारळ. नारळाचा त्या आठवड्यातला भाव मी इथे काढत नाही. आम्ही डोंबिवलीकर. इथे दीड दिवसांचे गणपती इतके, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धा गाव पायाखाली घालायचा असतो. नाही गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, ‘तुम्ही काय बाई, तिकडे गेलात, आमच्याकडे नाही आलात.’ गौरी मात्र समजूतदार. गौरीपूजन होतं 1 सप्टेंबरला. माहेरवाशीणच ती, घरातल्या पगाराची तारीख तिला बरोबर ठाऊक.

माझ्या नवऱ्याने या सगळ्यावर एक्सेलमध्ये तोडगा काढला. जानेवारी ते डिसेंबर बारा रकाने, आणि ओळींमध्ये किराणा, दूध, औषधं, पेट्रोल. सगळ्यात खाली ‘इतर’. पहिल्याच वर्षी ‘इतर’ किराण्याच्या पुढे निघून गेलं. तो खचला नाही. त्याने ‘इतर’चे पोटभाग पाडले: सण, समारंभ, वर्गणी, भेटवस्तू, बाहेर खाणं. मग कोजागिरी आली. गच्चीवर सोसायटीने मसाला दूध केलं होतं, ते कुठे टाकायचं? वर्गणी काढली होती म्हणजे वर्गणीत, पण कोजागिरी म्हणजे सणही. शिवाय दुधावर कुणीतरी दाबेल्या मागवल्या. ते बाहेरचं खाणं, की आपल्याच गच्चीवर खाल्लं म्हणून घरचं? रात्री साडेअकरा वाजता हा माणूस लॅपटॉप उघडून याचा विचार करत बसला होता. ‘इतर’मध्ये टाक, मी म्हटलं, आणि झोपले.

भिंतीवर मात्र या दोन जगांचा तह झालेला असतो. ‘कालनिर्णय’ 1973 साली सुरू झालं, आणि तेव्हापासून त्या एका चौकोनात मोठ्या आकड्यात पगार आणि खाली बारीक अक्षरांत खर्च असं दोन्ही नांदत आलं आहे. उरलेल्या जागेत आपण लिहितो. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ‘दूध नाही’, ‘गॅस लावला’ याच्या शेजारीच ‘वन्संच्या नातवाची मुंज, ठाणे, 1001?’ अशी नोंद सापडेल. त्यातलं प्रश्नचिन्ह हेच खरं आमचं अंदाजपत्रक.

या प्रश्नचिन्हाचं उत्तर सासूबाईंकडे असतं. त्यांच्याकडे आहेराची वही आहे. लाल कापडी बांधणीची, आडवी, एका बाजूला ‘आलेला’ आणि दुसऱ्या बाजूला ‘केलेला’. माझ्या लग्नातला आहेर तिच्यात आहे: रोख 51, रोख 101, स्टीलचा डबा, लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, ब्लाउजपीस, पुन्हा लेमन सेट. लग्नघरातून कुणाची पत्रिका आली की वही उघडते, बोट नावांवरून खाली सरकतं आणि एक आकडा जाहीर होतो. आता, त्या काळी 51 रुपये देणाऱ्या गृहस्थांच्या नातीला आज किती द्यायचे? मी सरकारी नोकर, माझ्या डोक्यात लगेच महागाई निर्देशांक येतो. आमचा महागाई भत्ता त्याच्याच बोटाला धरून जानेवारीत आणि जुलैत वाढतो. पण त्या निर्देशांकात आहेराचं पाकीट मोजत असतील असं मला वाटत नाही. नवऱ्याचा हिशेब निराळा. तो हॉलचं नाव वाचून ताटाचा भाव काढतो, त्याला जाणाऱ्या माणसांनी गुणतो आणि म्हणतो, ‘निदान आपल्या ताटांचे पैसे तरी सुटायला हवेत.’

सासूबाई दोन्ही हिशेब बाजूला सारतात. एकदा एका लग्नात मी जरा हात सैल सोडून पाकिटात घसघशीत रक्कम घातली, तर त्यांनी त्यातल्या दोन नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या. ‘अगं, एवढं दिलंस तर त्यांना आपल्याकडे यायला जड जाईल.’ मिळालं त्यापेक्षा थोडं जास्त द्यायचं, म्हणजे चिकटपणा दिसत नाही. पण समोरच्याला परत करता येईल एवढंच जास्त, म्हणजे माणूस तुटत नाही. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही. आयकर खात्यानेही या वहीला कधी हात लावलेला नाही. एरवी परक्या माणसाकडून वर्षभरात 50,000 रुपयांच्या वर भेट आली तर तिच्यावर कर लागतो. लग्नात आली तर लागत नाही.

सरकारी यंत्रणेचा आणि या वहीचा एकदाच थेट संबंध आला. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या, आणि त्याच आठवड्यात तुळशीचं लग्न होतं. म्हणजे लग्नसराईचा नारळ फुटतो तोच मुहूर्त. लग्नघरांची धावपळ बघून सरकारने खात्यातून अडीच लाखांपर्यंत रक्कम काढायची मुभा दिली, पण पुरावा म्हणून लग्नपत्रिका मागितली. बँकेच्या खिडकीत श्रीगजाननाचं चित्र आणि तिथी छापलेली पत्रिका सरकवायची आणि पैसे मागायचे! तिथीकडे बघून बँकेने पैसे दिल्याचा दुसरा दाखला मला तरी माहीत नाही. त्या हंगामात आहेराची पाकिटं मात्र एकदम जाडजूड दिसायला लागली, कारण आत सगळ्या शंभराच्या नोटा.

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्नं होत नाहीत ही पूर्वजांनी खास आपल्या खिशासाठी करून ठेवलेली सोय आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पण पंचांगात ‘काढीव मुहूर्त’ नावाची एक पळवाट असते. चातुर्मासात हॉल मिळतो, केटररही दोन पैसे कमी घेतो आणि नवरा मुलगा अमेरिकेहून नेमका तेवढ्याच रजेवर आलेला असतो. शिवाय लग्नं नसली तरी श्रावणातल्या मंगळागौरी आणि सत्यनारायण आहेतच. सणांत एकटी संक्रांत सूर्याच्या हिशेबाने चालते, म्हणून 14 नाहीतर 15 जानेवारीलाच येते. बिचारीचं नाव उगाच बदनाम. तारीख पाळणारी तीच. पण तिचंही हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि रथसप्तमी पुन्हा तिथीची. 2025 साली ती 4 फेब्रुवारीला होती, तेव्हा वाणाला दुसरा पगार हाताशी आला होता. या वर्षी ती 25 जानेवारीलाच उरकली, आणि आमच्या मजल्यावर सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या चहागाळण्या लुटल्या.

खर्चाचा खरा मुक्काम मात्र घर नाही, लोकल आहे. सकाळची फास्ट, लेडीज डबा, चौथी सीट मिळाली तर मिळाली. तिथल्या मैत्रिणी म्हणजे नात्यातल्या नाहीत, शेजारच्या नाहीत, ऑफिसातल्याही नाहीत. तरी एखादी दोन दिवस दिसली नाही तर फोन जातो. या डब्यात मी डोहाळजेवण पाहिलं आहे, हिरव्या बांगड्या, फुलांच्या वाड्या, ओटी आणि कुर्ल्याला उतरणाऱ्या बायकांनाही पेढा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही डब्याला तोरण बांधतो आणि नारळ फोडतो. कुणाच्या मुलाला दहावीत चांगले मार्क पडले तर ठाण्यापर्यंत सामोसे संपलेले असतात. नवरात्रात नऊ रंग. ही प्रथा वर्तमानपत्रांनी घरोघर पोचवली, पण ती अमलात आणली लेडीज डब्याने. ज्या बाईकडे करड्या रंगाची साडी नव्हती, तिला ती असावी असं आयुष्यात कधी वाटलंही नव्हतं, ती बाई घटस्थापनेच्या आधी दादरला उतरून करडी साडी शोधत फिरली. आता आमच्यात शहाणपण आलं आहे. साड्यांची अदलाबदल होते. माझी मोरपंखी गेल्या नवरात्रात बदलापूरपर्यंत जाऊन आली.

कानातली, क्लिपा आणि रुमाल विकणाऱ्या बायका डब्यात चढतात तो खर्च मी धरतच नाही. कोणीच धरत नाही. दहा-वीस रुपयांना सामाजिक जीवन म्हणायचं का? पण त्या दहा-वीसच्या क्लिपा निवडताना चार जणींची मतं घेतली जातात, एकीच्या सुनेचा विषय निघतो आणि मुलुंड कधी गेलं कळत नाही.

याच डब्यात आमची भिशी चालते. बारा जणी, महिन्याला हजार; चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. भिशीत फायदा शून्य, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शेवटी उचलणारीचा तर महागाई धरली तर तोटाच. पण भिशीची गंमत अशी, की ती गोळा होते एक ते पाच तारखेच्या दरम्यान, पगार हातात असताना, आणि उचलली जाते तिथीने. चिठ्ठी निघते ती नावापुरती. चिठ्ठी निघाली की खरी बोलणी सुरू होतात. ‘तुझा नंबर मला दे ना, श्रावणात मुलीची मंगळागौर आहे.’ ‘घे, पण मला दिवाळीचा पाहिजे.’ ‘दिवाळीचा मी आधीच मागून ठेवलाय, जावेच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे.’ कल्याण ते घाटकोपर या अंतरात बारा घरांचं वर्षाचं अंदाजपत्रक ठरतं. कागद लागत नाही, एक्सेल तर नाहीच. नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, ‘कुणी बुडवलं तर?’ त्याला मी काय सांगणार? रोज सकाळी त्याच डब्यात चढायचं असतं.

ऑफिसातली वर्गणी मात्र पूर्वी सुखाची होती. निवृत्तीचा समारंभ असला की एक खाकी पाकीट टेबलाटेबलावरून फिरायचं. आपण त्यात काय घातलं ते आपल्यालाच ठाऊक. महिना अडचणीचा असेल तर पन्नासची नोट घडी घालून सरकवायची आणि भाषणाच्या वेळी सगळ्यांइतक्याच जोराने टाळ्या वाजवायच्या. 2016 साली यूपीआय आलं आणि हळूहळू ती घडी गेली. आता ग्रुपवर क्यूआर कोड येतो, ‘प्रत्येकी 500’, आणि खाली ज्यांचे आले त्यांच्या नावापुढे हिरवी खूण. साहेबांची खूण, शिपायाची खूण, आणि आपल्या नावापुढे रिकामी जागा. गरिबीपेक्षा ती रिकामी जागा जास्त बोचते, म्हणून माणूस पैसे पाठवतो आणि संध्याकाळी रिक्षाऐवजी स्टेशनवरून चालत घरी येतो. तब्येतीला बरं असतं म्हणे.

मुलाच्या पिढीला यातलं काही लागू नाही असं त्याचं म्हणणं. तो ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. त्यांचं पंचांग वेगळं: लाँग वीकेंड, मित्राचा वाढदिवस, कुणाची सेंडऑफ, कुणाची नवी नोकरी. जेवण झालं की कॉन्ट्री निघते, फोनवर फोन टेकतात, प्रत्येकाचे रुपये-पैशांपर्यंत सुटतात. ‘आमचं टीटीएमएम असतं, आजी,’ तो सासूबाईंना म्हणाला. ‘कुणाचं कुणाकडे काही उरत नाही. वहीबिही लागत नाही.’

‘कुणाचं कुणाकडे काही उरत नाही, तर पुन्हा भेटता कशाला रे?’

तो हसला. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा गेलाच. महिन्याच्या बावीस तारखेला मात्र ‘आई, पाचशे टाक ना, एकला परत करतो’ असा मेसेज येतो, आणि तो एकला परत करतो हेही सांगायला हवं. त्याचं उत्पन्नही इंग्रजी आणि खर्चही इंग्रजी. तरी जमत नाही ते नाहीच.

खर्चाशिवाय माणसं भेटण्याची एक जागा आमच्याकडे आहे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे सगळं डोंबिवली फडके रोडवर उतरतं. गणपतीच्या देवळात जायचं, रस्त्यावर फिरायचं, शाळेतल्या मैत्रिणी, जुने शेजारी, कधीकाळी ज्याच्याकडे बघून आपण लाजलो होतो तो टक्कल पडलेला गृहस्थ, सगळे तिथे भेटतात. कुणी कुणाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. फुकट. फक्त अंगावर नवे कपडे हवेत, आणि नंतर भूक लागते.

आणि आता यंदाचं सांगते. या वर्षी अधिक महिना आहे. अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. म्हणजे मराठी वर्षात तेरा महिने. पगार बाराच. सरकार दर पावणेतीन वर्षांनी एखादा अधिक भत्ता का देत नाही, ही मागणी अजून कुठल्या संघटनेने केलेली माझ्या ऐकिवात नाही. एका दृष्टीने हा महिना फायद्याचा, कारण अधिकात लग्नं होत नाहीत आणि ऐन सुट्टीतली निम्मी लग्नसराई बाद होते. शिवाय तो सगळे सण पुढे ढकलतो. यंदा गणपती 14 सप्टेंबरला, पगार ताजा असताना. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, तेही पगाराच्याच आठवड्यात. म्हणजे ऑफिसच्या आणि पंचांगाच्या वर्षात जो फरक साचतो, तो हा महिना एका फटक्यात मिटवतो. त्याबद्दल दलाली घेतो ती जावयाच्या रूपाने.

मुलीचं लग्न झाल्यावरचा आमचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, अधिकाचं वाण द्यायचं: तेहतीस अनारसे, दिवा, आणि ऐपतीप्रमाणे चांदीचं काही. चांदीचा भाव विचारून मी सराफाच्या दुकानातून नुसती पाणी पिऊन परत आले. जावई गुणी आहे, बंगळुरूला असतो. त्याने लगेच कळवलं, ‘आई, काही नको हं, आम्ही नुसते भेटायला येतो. मेच्या शेवटच्या शनिवारी चालेल?’

मेचा शेवटचा शनिवार म्हणजे 30 तारीख. मी कालनिर्णयासमोर उभी राहिले आणि सासूबाईंना विचारलं, ‘आई, धोंड्याला काही तिथीबिथी बघायची असते का?’

‘अधिकात कसला मुहूर्त? महिनाभरात कधीही बोलाव.’

पंचांगाने मला दिलेली ही पहिलीच सवलत. मी जावयाला 6 जून कळवला, तोही शनिवारच. पगार झालेला, हप्ता गेलेला, भिशीचा जूनचा नंबर मी मुलुंडच्या मैत्रिणीकडून गोडीगुलाबीने मिळवलेला. चांदीचं ताम्हन रद्द करून चांदीची छोटी समई ठरली. अनारशाचं पीठ घरीच करायचं ठरलं, कारण तेहतीस विकत घेतले तर समईची वात उरली नसती. व्याह्यांनाही बोलवायला हवं, हे मागाहून सुचलं. मग विहीणबाईंची साडी आली.

नवऱ्याने रात्री एक्सेल उघडून मे आणि जूनच्या मध्ये तेरावा रकाना घातला आणि त्याच्या डोक्यावर ‘अधिक’ असं लिहिलं. अनारसे, समई, साडी, बंगळुरूची तिकिटं आपण काढायची की त्यांनी, सगळं त्यात भरलं. खालची बेरीज तसूभरही हलली नाही. सूत्र जुनंच होतं, ते बाराच रकाने मोजत होतं.

‘थांब, दुरुस्त करतो,’ तो म्हणाला.

‘राहू दे की,’ सासूबाई चष्म्यावरून पडद्याकडे बघत म्हणाल्या, ‘तेवढाच आकडा कमी दिसतो.’